शपथ घालून दारू एकदम बंद करवू नका (आमच्या दादाचं काय झालं ते लिहिते आहे)

पऱ्हाटी · ४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मी इथं रोज वाचते, लिहीत कधी नाही. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या बचत गटातली एक बाई काल म्हणाली, "दसऱ्याले पोराच्या डोक्शावर हात ठेवाले लावतो अन् शपथच घेवाले लावतो त्यायले. पाह्यजो, एका दिवसात सुटते का नाई." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अशीच शपथ मागच्या वर्षीच्या राखीला मी माझ्या भावाला घातली होती.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, नदीच्या काठाला. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथं देशीची भट्टी उघडी. ज्याला नदी ओलांडायची नाही त्याला गावातच नाल्यावर गावठी मिळते. दादा दोन्हीकडचा गिऱ्हाईक. सात एकर वावर, कापूस आणि तूर. आधी कापूस विकला की मित्रांबरोबर प्यायचा. मग बाजाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी. शेवटच्या दोन वर्षांत सकाळी तोंड धुतलं की आधी पव्वा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी बशीत चहा सांडायचा. दोन घोट पोटात गेले की हात शांत व्हायचे. आम्हाला वाटायचं, सवय आहे. तो आजार आहे हे आम्हाला सांगायला कोणी नव्हतं.

वहिनीचं डोरलं गहाण पडलं. तुरीचे कट्टे रातोरात घरातून गेले. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा, शाळेची सायकल रात्री स्वतःच्या खाटेला साखळीनं बांधून झोपायचा.

राखीच्या दिवशी मी ताट हातात घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, ओवाळणी नको, दारू सोड. तो ढसाढसा रडला. "तुही आन हाय बाई, आजपासून नाई." आणि त्यानं ती शपथ पाळली. खरोखर पाळली, एक थेंब घेतला नाही.

पहिल्या रात्री घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. माय म्हणाली, अंगातली निघून राहिली, निघू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात आकडी आली, जीभ चावली गेली, तोंडातून फेस आला. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली आणि घरी पाठवलं. दारू पितो का, कधीपासून बंद आहे, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही लाजेनं सांगितलं नाही.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास वहिनीची हाक आली. दादा अंगणात उकिडवा बसला होता आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी खुडून लुंगीच्या ओच्यात टाकत होता. बराच वेळ मला कळेना. मग कळलं, तो कापूस वेचत होता. बोटं अगदी तशीच चालत होती, बोंडातून चार पाकळ्या एका झटक्यात काढायच्या तशी. ऑगस्ट महिना. पऱ्हाटीला अजून पात्या-फुलं, बोंडाचा पत्ता नाही. वहिनीला म्हणत होता, "वेच ना वं लवकर, पाणी येऊन राह्यलं, सारा भिजन." मला ओळखलं नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. भिंतीवरून मुंग्या येतात म्हणून ओरडायचा आणि पुन्हा वेचायला लागायचा.

शेजारचे म्हणाले, बाहेरचं लागलं. जाणत्याला बोलावलं. लिंबू, अंगारा, यात तीन तास गेले. तेवढ्यात भाच्यानं कोणाला न विचारता १०८ ला फोन लावला. दादा आज आहे तो त्या पोरामुळे.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दारू कधीपासून बंद आहे?" मी सांगितलं, तीन दिवस, मीच शपथ घातली. त्या म्हणाल्या, "इतकं रोज पिणाऱ्याची दारू घरी अशी तोडायची नसते. आधी इथं आणायचं असतं." अकरा दिवस भरती होता. पोळ्याला बैल भाच्यानंच सजवले, तोरणाखाली त्यानंच नेले.

त्यानंतरचं वर्ष सोपं गेलं नाही, ते पुढे लिहीन. ज्यांच्या घरी असं आहे, त्यांनी शपथ घालण्याआधी हे वाचावं एवढ्यासाठी लिहिलं. आणि ज्यांना उपचाराची नीट माहिती आहे त्यांनी इथं सांगावी.

धुऱ्यावरचा · ४ ऑक्टोबर, रात्री १०:३५

ताई, वाचून अंगावर काटा आला. माया काकाले असंच झालं होतं २०११ मध्ये. थो साप पायत होता, छताले, खाटीवर, सगळीकडं साप. आमीबी बाहेरचंच समजलो. चौथ्या दिवशी गेला. सर्टिफिकेटवर का लिवलं मले माहीत नाई, पण गावात अजूनबी सांगतेत का त्याले चकवा लागला होता. तुमचं लिवलेलं आज मायले वाचून दाखवलं. ते रडली.

मंगळवारची_ओपीडी · ४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मी मानसोपचार डॉक्टर आहे, विदर्भातल्याच एका तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसतो. पऱ्हाटीताईंनी जे पाहिलं त्याला वैद्यकीय भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. मी ही अवस्था खूपदा पाहिली आहे. सुतार हवेत रंधा मारतो, ड्रायव्हर खाटेवर बसून गिअर टाकतो. माणूस आयुष्यभर जे काम करत आला ते त्याचे हात करत राहतात.

हे का होतं ते सांगतो. दारू मेंदूला मंद करते. रोज दारू मिळत राहिली की मेंदू त्या मंदपणाविरुद्ध जोर लावायला शिकतो, जसं चढावर बैल जास्त जोर लावतो. दारू एकदम काढली की ओझं गेलं, पण जोर तसाच राहिला. सगळी गाडी उधळते. साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनंतर भ्रम, ताप, माणसं न ओळखणं. उपचार नसेल तर यात मृत्यू होतो. सगळ्यांनाच इतकं होत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागते, आधी कधी आकडी आली आहे, दारू तुटल्यावर आधी कधी भ्रम झाला आहे, किंवा लिव्हरचा किंवा दुसरा मोठा आजार आहे, अशांची दारू घरी तोडू नये.

किती म्हणजे जास्त, हे लोक मला विचारतात. देशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या एका पव्व्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रोज दोन पव्वे म्हणजे १२० ग्रॅम. गावठीत किती जातं ते कोणालाच मोजता येत नाही.

भरती केल्यावर आम्ही मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतो, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपॅम, आणि पाच ते दहा दिवसांत हळूहळू कमी करत बंद करतो. त्याबरोबर व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, सुईतून. पिणाऱ्याच्या अंगात हे संपलेलं असतं. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर उरलंसुरलं थायमिन वापरलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे तिरळे होतात, तोल जातो, आठवण जाते. आमच्या भागात "कमजोरी आहे, एक बाटली चढवा" ही रीतच आहे. कृपा करून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: हा रोज पितो, शेवटची अमुक वेळेला घेतली. लाज बाजूला ठेवा. आणि या झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. वरून दारू प्यायला तर श्वास मंदावतो.

हे झालं पहिलं दहा दिवसांचं काम. दारू परत न लागू देणं हे खरं काम, ते वर्षानुवर्षांचं. त्यावर उद्या लिहितो, सकाळी लवकर निघायचं आहे.

वणीचा_पुण्यात · ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

डॉक्टर, एक विचारायचं होतं. बाबांसाठी आईनं कुठलीशी जाहिरात पाहून पार्सलनं पावडर मागवली होती. "रुग्णाच्या नकळत" असं पाकिटावरच होतं. दोन दिवस वरणातून दिली. तिसऱ्या दिवशी बाबा पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, भोवळ येऊन अंगणात पडले. जीव वाचला. पण नंतर त्यांना कळलं आणि त्यांनी आईच्या हातचं जेवण सोडलं. आज दोन वर्षं झाली, स्वतः भाकर थापून खातात. ती पावडर काय असावी?

मंगळवारची_ओपीडी · ५ ऑक्टोबर, दुपारी १:४५

पाकीट न पाहता नक्की सांगता येणार नाही. पण लक्षणं डायसल्फिरामसारखी वाटतात. हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधून वापरात आलं. पोटात असताना दारू प्याली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं आणि तुम्ही लिहिलंत ते सगळं होतं. हृदयाचा आजार असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

औषध वाईट नाही. माझे कितीतरी पेशंट रोज सकाळी बायकोसमोर ती गोळी घेतात आणि चांगले आहेत. पण ते स्वतः ठरवून घेतात, तपासण्या करून घेतात, खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं हे त्यांना माहीत असतं. वरणातून चोरून कधीही, कोणालाही देऊ नका. तुमच्या आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्यानं ते पाकीट विकलं त्याचं चुकलं.

डायसल्फिराम सोडूनही औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोननं दारूची मजा कमी होते, ॲकॅम्प्रोसेटनं ओढ कमी होते. लिव्हर सुजलेलं असेल तर बॅक्लोफेन वापरतात. कोणतं द्यायचं ते रक्त तपासून ठरतं. नागपूर, यवतमाळ, अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजं, सेवाग्रामचं रुग्णालय, इथं मानसोपचार विभाग आहेत. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याला येते, तो दिवस तुमच्या आशाताईंना विचारा. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट.

आणि विदर्भातल्या माणसांना एक खास सांगणं. दारू आणि खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण) एकत्र असतील तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढतो. माझ्यासमोर बसलेला दारू सोडायला आलेला माणूस खिशातली खर्ऱ्याची पन्नी चोळत असतो. बीडी-सिगारेटचंही तेच. टीबीची औषधं चालू असतील आणि वर दारू असेल तर लिव्हरवर दुहेरी मार बसतो, हेही लक्षात ठेवा.

चौदा_वर्षं · ५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मी मद्यपी आहे. गेली चौदा वर्षं प्यालो नाही. नाव लिहीत नाही, आमच्याकडे तशी रीत आहे.

डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी दुसऱ्या बाजूचं सांगतो. माझ्या घरच्यांनीही शपथा घातल्या. गजानन महाराजांसमोर, आईच्या पायावर, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. प्रत्येक शपथ घेताना मी खोटं बोलत नव्हतो. मोडली की मला स्वतःचं तोंड पाहवायचं नाही, आणि ते न पाहण्यासाठी आणखी प्यायचो. पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडल्यावर ती तापानं फणफणली. साधा व्हायरल होता, पण मी सहा महिने समजत होतो की माझ्यामुळे झालं. ते विसरायला काय केलं असेल मी, तुम्हीच ओळखा.

मला वाचवलं ते नागपुरातल्या एका छोट्या खोलीतल्या मीटिंगनं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलं, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. फी नाही, नाव विचारत नाहीत. पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो. एक जण बोलायला उठला आणि त्यानं सांगितलं, की तो पव्वा संडासच्या टाकीत लपवायचा. मी ढोरांच्या कुटाराच्या ढिगात लपवायचो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी एकटा नाही.

तिथं "आयुष्यभर पिणार नाही" असं कोणी वदवून घेत नाही. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या.

आठ महिन्यांनी मी परत प्यालो. चुलतभावाच्या लग्नात कोणीतरी म्हणालं, "आजच्या दिवस चालते, एकानं का होते?" एकानं सगळं होते. पाच दिवस प्यालो. सहाव्या दिवशी बायको शिव्या देईल म्हणून तयार होतो. ती एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्याची तारीख आहे, जायचं ना?" मी गेलो. पऱ्हाटीताई, तुमचा दादा घसरला असेल तर त्याची तारीख चुकवू देऊ नका, एवढंच करा.

नदीकाठ · ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

उपचाराचं सगळं पटलं. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात राहून मी पन्नास वर्षं काय पाहिलं ते लिहितो. दुकान नाही, दारू आहे. मिळते ती मोजमापाची नाही, गूळ, मोह आणि नवसागर टाकून डबक्यात सडवलेली. कधी तिची तेजी वाढवायला आणखी काय टाकतील सांगता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनं. चंद्रपूरची बंदी १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असली काय नि उठली काय, माझ्या गावच्या चार घरांत काही बदललं नाही. विकणारा आपलाच, घेणारा आपलाच. बायाबापड्या ठाण्यात जातात, आठ दिवस बंद, नवव्या दिवशी पुन्हा चालू. मला बंदी नको असं नाही. पण बंदी आहे म्हणून गावात दवाखाना नको असं जे सरकार समजतं, ते मला मान्य नाही.

वैनगंगा · ६ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

नदीकाठ काका, तुमचं दुःख समजते. मी गडचिरोलीची. आमच्याकडे १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती वरून आली नाही. त्याआधी कितीक वर्षं गावोगावी बाया बसल्या, डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था होती, गावांनी ठराव केले, मोर्चे काढले. आणि काका, कायदा झाल्यावर दारू संपली असं आम्हीबी म्हणत नाही. म्हणून तर २०१६ पासून मुक्तिपथ चालू आहे. गावात संघटना करायची, मोहाचा सडवा सापडला की सगळ्या बायांनी मिळून ओतून द्यायचा, आणि त्याचबरोबर पिणाऱ्यासाठी तालुक्याला क्लिनिक, गावात शिबिर. माझ्या जेठांना त्या शिबिरातूनच गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे तुम्ही म्हणता तसं दोन्ही लागतं. आम्ही बाया सडवा ओतून आलो आणि घरी नवरा थरथरत बसला असेल तर त्याला दवाखान्यात नेणं हेबी आमचंच काम.

दुसरं, मोहाला शिव्या देऊ नका. मोहफूल आमचं अन्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन जातो, वाळवतो, भाकरीत घालतो, लाडू करतो. देवाला वाहतो. आजा वर्षातून सणाला घ्यायचा. रोज सकाळी पिणं आमच्या रीतीत कधी नव्हतं. ते पैशानं आणि भट्टीनं आणलं.

ज्या गावांत परवान्याचं दुकान आहे त्यांच्यासाठी सांगते. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, आडवी बाटली (दुकान बंद) की उभी बाटली (दुकान चालू). नुसत्या आलेल्यांपैकी नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणून त्या दिवशी कापूस वेचणीला, मजुरीला कोणी जाऊ नका.

तुळस_अंगणातली · ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सगळे दादाबद्दल, काकाबद्दल बोलतात. मी वहिनीबद्दल बोलते, कारण मी एका घरची वहिनी आहे.

दारू नवऱ्यानं सोडली तरी माझं अंग संध्याकाळी सहा वाजले की थरथरतं. मोटारसायकलचा आवाज आला की पोरगी अजून दप्तर उचलून आतल्या खोलीत जाते. तीन वर्षं झाली त्याला सोडून. औषध त्याला मिळालं. आम्हाला कोणी विचारलं नाही. शेवटी यवतमाळला समुपदेशक बाईंनी एकदा मला एकटीला बसवलं आणि म्हणाल्या, तुम्ही झोपता का? मी तासभर रडले. ज्यांच्या घरी पिणारा आहे त्यांचे स्वतःचे गटही असतात, अल-अनॉन नावाचे. आपल्याकडे खेड्यात नाहीत, पण फोनवर मीटिंग होतात म्हणे.

मारहाण होत असेल तर ती "दारूच्या नशेत झाली" म्हणून माफ होत नाही. १८१ ला किंवा ११२ ला फोन करा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, तो आपल्यासाठीच आहे. आणि एक अगदी साधं काम आज रात्रीच करा. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. वावरातल्या खोलीत कुलपात ठेवा आणि चावी पिणाऱ्याच्या हाती लागू देऊ नका. पिऊन आलेला माणूस भांडणाच्या भरात कुठे हात घालेल ते त्यालाही कळत नाही. आमच्या घरी ते अर्ध्या हातावर आलं होतं.

पऱ्हाटी · ७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

तुळसताई, तुमचं वहिनीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण फवारणीचा डबा सकाळी तिनंच गोठ्यातून उचलून वावरात नेला.

पुढचं लिहीन म्हटलं होतं. डिस्चार्जनंतर चार महिने दादा चांगला होता. मग कापूस विकून पैसे आले आणि नदीपलीकडे गेला. त्या वेळी घरच्या काहींनी ठरवलं की एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचा. बाहेर मोठा फलक. आत एका खोलीत बावीस माणसं, डॉक्टर आठवड्यातून कधीतरी, आणि पळू नये म्हणून रात्री पायात साखळी. भाचा भेटायला गेला तेव्हा त्याला ती साखळी दिसली. आम्ही त्याच दिवशी दादाला घरी आणलं. तो पंधरा दिवस कोणाशी बोलला नाही.

मंगळवारची_ओपीडी · ७ ऑक्टोबर, रात्री ११:००

साखळी घालणं हा गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे मानसिक आजारही येतात, आणि त्यात साखळदंड स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. केंद्र निवडताना विचारा: मानसोपचार डॉक्टर रोज येतात का? पहिल्या आठवड्यात आकडी आली तर कुठे नेणार? घरच्यांना केव्हाही भेटू देता का? पेशंटची सही घेता का? उत्तर टाळलं तर उठून या. आपल्याकडे चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये अनिल आणि अनिता अवचट यांनी सुरू केलं, तिथं उपचारात प्रेम आणि समुपदेशन हाच पाया धरला.

दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो, असं २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आलं होतं. उरलेल्या ३७ जणांपर्यंत जाहिरातवाले आणि साखळीवाले आमच्या आधी पोचतात.

रानमोगरा · ८ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

मी पहिल्यांदा लिहित आहे. चुकलं तर माफ करा. आमचे हे परवा रात्रीपासून प्यायले नाहीत. सोडली असं नाही, पैसे नव्हते आणि उधारी बंद झाली. काल दिवसभर हात थरथरत होते. आता पहाटेपासून घाम येऊन राहिला, दोन उलट्या झाल्या. मघाशी म्हणाले दारात कोणी उभं आहे. दारात कोणी नाही. मागच्या वर्षी एकदा आकडी आली होती. घरी मी आणि सासू. धागा पूर्ण वाचला. भीती वाटते. काय करू?

मंगळवारची_ओपीडी · ८ ऑक्टोबर, पहाटे ५:३१

ताई, थांबू नका. आत्ता १०८ लावा. सांगा, रोज दारू पिणारा, ३० तासांहून जास्त बंद, आधी आकडी आली आहे, आता भास होत आहेत. गाडी येईपर्यंत कुशीवर झोपवा, दिवा चालू ठेवा, तुम्ही जवळ बसा, हळू आवाजात बोला. आकडी आली तर तोंडात काही घालू नका. दवाखान्यात सलाईन लावताना थायमिन द्या असं सांगा. आधार कार्ड, जुने कागद असतील ते घ्या.

पऱ्हाटी · ८ ऑक्टोबर, पहाटे ५:३८

रानमोगरा, मी जागी आहे. फोन लावलात की इथं एक शब्द लिहा. कुठल्या गावच्या ते लिहू नका, मला निरोप पाठवा.

रानमोगरा · ८ ऑक्टोबर, पहाटे ५:४४

लावला. येऊन राहिले.

धुऱ्यावरचा · ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, कोणाले लिंबू-अंगारा करू देऊ नोका. गाडीत बसा.

रानमोगरा · ८ ऑक्टोबर, रात्री ८:०५

भरती केलं. सुई दिली, आता झोपले आहेत. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं, सहा-सात दिवस ठेवतील. मी सगळं खरं सांगितलं, किती पितात ते पण. सासूबाई घरी एकट्या आहेत आणि दोन शेळ्या आहेत.

पऱ्हाटी · ८ ऑक्टोबर, रात्री ८:२२

तुमचा निरोप मिळाला. तुमचं गाव माझ्या सासरहून नऊ किलोमीटर आहे. उद्या सकाळी सासूबाईंसाठी डबा घेऊन भाचा येईल, सायकलवर. पंधरा वर्षांचा झाला आता. शेळ्यांना चारा टाकून येईल.